नदीच्या कडेचं ऊबदार पाणी

बॅकवॉटर म्हटलं की आपल्याला उजनीचा किंवा कोयनेचा फुगवटा आठवतो. अमेरिकेत मिसिसिपीकाठचे गळकरी हाच शब्द वापरतात, पण त्यांच्या डोळ्यांसमोर असतात मुख्य प्रवाहापासून फुटलेले संथ फाटे, उथळ तळी, पाण्यात उभी झाडं आणि बुडालेली कुरणं. विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस शहराच्या आसपास नदी अशीच ऐसपैस पसरलेली आहे. १९३० च्या दशकात मालवाहू बोटींना ९ फूट खोल पाणी मिळावं म्हणून इथे बंधाऱ्यांची साखळी बांधली गेली आणि काठची बरीच सखल जमीन कायमची पाण्याखाली गेली. म्हणजे आपल्या अर्थाचा फुगवटाही त्यात आलाच.

मार्चअखेरीस बर्फ फुटतं आणि गळकरी थर्मामीटर काढतात. आमिष कोणतं लावायचं, हा प्रश्न त्यानंतरचा. मुख्य पात्रातलं पाणी खोल, वाहतं आणि सतत घुसळलेलं असतं, त्यामुळे ते सावकाश तापतं. फाट्यातलं पाणी कमरेएवढं, तळाला काळा चिखल. एप्रिलच्या उन्हात ते दुपारपर्यंत दोन-चार अंशांनी पुढे जातं. माशाचं रक्त पाण्याइतकंच थंड किंवा गरम असतं, म्हणून एवढ्याशा फरकानेही त्याचं पचन, भूक आणि अंडी पिकण्याचा वेग बदलतो.

त्यातूनच इथल्या माशांच्या वसंतातल्या विणीचं वेळापत्रक ठरतं. बर्फ जाताच नॉर्दर्न पाइक बुडालेल्या गवतात शिरतो. पाणी ६ ते १० अंश सेल्सियसवर आलं की वॉलआयची पाळी. यलो पर्च त्याच्या मागोमाग. क्रॅपी १५ अंशांच्या पुढची वाट पाहतो आणि ब्लूगिल घरटी करतो ती पाणी २० च्या आसपास गेल्यावर.

यातला वॉलआय मला सर्वांत विलक्षण वाटतो. मांजराच्या डोळ्यांसारखेच त्याचे डोळे उजेडात चमकतात, कारण दृष्टिपटलामागचा परावर्तक थर निसटलेला प्रकाश पुन्हा आत पाठवतो. पुराच्या गढूळ पाण्यात किंवा तिन्हीसांजेला त्याला दिसतं, त्याच्या भक्ष्याला नीट दिसत नाही. अंडी तो रात्री घालतो आणि निघून जातो. घरटं नाही, राखण नाही. तळ्यांमध्ये त्याला खडी-गोटे लागतात, पण इथल्या नद्यांत तो बुडालेल्या कुरणांतही अंडी टाकतो. कारण साधं आहे. चिखलात पडलेलं अंडं गुदमरतं, गवताच्या पात्यांवर अडकलेल्या अंड्याभोवती पाणी हलतं राहतं आणि प्राणवायू मिळतो. पिल्लं बाहेर यायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्यात पूर ओसरला, तर अंडी उघड्यावर सुकून जातात.

कोकणात पहिल्या पावसाबरोबर ओढ्यातून भातखाचरांत शिरणारे चढणीचे मासे हेच करतात. ऊन वेगळं, पाऊस वेगळा, पण ओढ तीच: नुकत्याच भिजलेल्या जमिनीवर पिल्लांना सूक्ष्म जीवांचं खाद्य मिळतं आणि लपायला आडोसाही. जंक, बेली आणि स्पार्क्स या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये मांडलं, की अशा नद्यांची जीवसृष्टी दरवर्षीच्या पुराच्या चढ-उतारावर पोसली जाते. आपल्या चढणीच्या माशांकडेही याच नजरेने पाहायला हवं.

गळ टाकायची जागा म्हणजे फाट्याचं तोंड, जिथे वाहतं पाणी थांबलेल्या पाण्याला घासून जातं. मासा संथ बाजूला राहून शक्ती वाचवतो आणि प्रवाहातून येणारं भक्ष्य टिपतो. शिशाच्या डोक्याचा गळ, त्याला छोटा मासा, आणि तळालगत अगदी सावकाश ओढणं. गारठलेला मासा लांब पाठलाग करत नाही. अंड्यांनी जड झालेली मोठी मादी लागली, तर अनेकजण तिला लगेच सोडतात. हे मला मनापासून पटतं. तिच्या पोटात लाखांनी अंडी असू शकतात.

या फाट्यांचा खरा शत्रू गाळ आहे. शेतांतून धुपून आलेली माती संथ पाण्यात बसते आणि हिवाळ्यात माशांना लागणारी खोली नाहीशी होते. १९८६ पासून तिथे सरकारी पुनरुज्जीवन कार्यक्रम चालू आहे. फाटे खोल केले जातात, लाटा अडवायला बेटं बांधली जातात. ला क्रॉसच्या खालच्या टप्प्यात २००१ आणि २००२ च्या उन्हाळ्यांत पाण्याची पातळी मुद्दाम उतरवली गेली. उघड्या पडलेल्या चिखलात दबून राहिलेलं पाणवनस्पतींचं बी तेव्हा उगवून आलं.