पुरुषांच्या अंगठीचे वजन : एका मर्यादेची पार्श्वभूमी

मुस्लिम पुरुषाने सोन्याचे दागिने घालू नयेत, याविषयी सुन्नींच्या चारही मजहबांत (हनफी, शाफई, मालिकी, हंबली या धर्मशास्त्रीय परंपरांत) आणि शिया परंपरेतही आज मतभेद उरलेला नाही, त्यामुळे त्या नियमाची पुन्हा चर्चा करण्याचे कारण नाही. वाद सुरू होतो तो चांदीच्या अंगठीपासून. ती किती वजनाची असावी, चांदीखेरीज दुसरा धातू चालतो का, आणि अंगठी सोडून साखळी किंवा कडे घालण्याची मुभा आहे का, हे त्यातले मुख्य प्रश्न. भारतातील उर्दू फतव्यांमध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहसा ‘४ ग्रॅम ३७४ मिलिग्रॅमपेक्षा कमी’ असे दिलेले आढळते. धर्मशास्त्रातील एखादी मर्यादा मिलिग्रॅमपर्यंत नेमकी कशी होते, हे समजून घ्यायचे तर या आकड्याचा माग काढावा लागतो.

अंगठीचा विषय मुळात मोहोरेचा होता. इसवी सन ६२८ च्या सुमारास बायझंटाइन व इराणी सम्राटांना पत्रे पाठवायचे ठरले, तेव्हा मोहोर नसलेले पत्र हे दरबार स्वीकारत नाहीत असे पैगंबरांना सांगण्यात आले आणि तीन ओळींत अक्षरे कोरलेली चांदीची अंगठी घडवली गेली. पुढे ती पहिल्या तीन खलिफांकडे क्रमाने गेली, आणि तिसऱ्यांच्या कारकिर्दीत मदिनेतील अरीस नावाच्या विहिरीत पडली. शोध घेऊनही ती मिळाली नाही. या उगमामुळेच १२व्या शतकातील एका प्रमाणभूत हनफी ग्रंथात सुलतान व काझी यांना मोहोरेची गरज असते, इतरांनी मात्र अंगठी न घातलेलीच बरी, असे म्हटले आहे. वजनाविषयी इतक्या बारकाईने बोलणाऱ्यांना हे वाक्य क्वचितच आठवते.

वजन आणि धातू या दोहोंचा आधार एकच हदीस (पैगंबरांचे बोलणे सांगणारे कथन) आहे. पितळेची अंगठी घातलेल्या माणसाला पैगंबरांनी ‘तुझ्याकडून मूर्तींचा वास येतो’ असे म्हटले, लोखंडाची अंगठी नरकवासीयांचे भूषण ठरवली आणि अखेरीस चांदीची घाल, पण तिचे वजन एक मिस्काल (सोन्याच्या दिनाराएवढे जुने वजन) पूर्ण होऊ देऊ नकोस, असे सांगितले, असा तिचा आशय आहे. हनफी विद्वानांनी ही हदीस ग्राह्य धरून लोखंड, तांबे, पितळ यांच्या अंगठ्या पुरुषांना वर्ज्य ठरवल्या. उलट १३व्या शतकातील एका थोर सीरियन शाफई विद्वानाने हिची कथनकर्त्यांची साखळी दुर्बल असल्याचे सांगून या धातूंच्या अंगठ्या मकरूहही (अप्रशस्तही) नाहीत, असा निर्णय दिला. त्यामागे विवाहातील मेहेरसाठी ‘लोखंडाची अंगठी का असेना, शोधून आण’ असे सांगणारी, अधिक भक्कम मानली जाणारी हदीस होती. वजनाचा प्रश्नही पुढील शाफई ग्रंथकारांनी बहुतांशी रूढीवर सोडला. त्या माणसाच्या बरोबरीच्या लोकांत जी अंगठी उधळपट्टीची समजली जात नाही, ती चालते.

मुघल दरबार या चर्चेपासून बराच दूर होता. जहांगीराने १६१४ मध्ये आजारातून बरे झाल्यावर अजमेरच्या ख्वाजांवरील श्रद्धेपोटी कान टोचून मोती घातले आणि दरबारी मंडळींनी त्याचे अनुकरण केले. धनुर्धराने हाताच्या अंगठ्यात घालायचे यशबाचे (जेड दगडाचे) रत्नजडित वळे तर बादशाही थाटाचा भागच होते. यशब हा दगड मानायचा की नाही, यावर हनफी ग्रंथांत जुना वाद आहे. औरंगजेबाच्या आज्ञेने संकलित झालेल्या फतव्यांच्या संग्रहात मात्र पुरुषाची अंगठी पुरुषी घडणीची असावी, दोन किंवा अधिक खडे असलेली अंगठी स्त्रियांच्या वळणाची म्हणून मकरूह, असा कडक सूर लागतो. ‘एकच अंगठी, एकच खडा’ ही आजची प्रचलित अट याच विचाराच्या अंगाने आलेली आहे.

खरा गुंता आहे तो मिस्कालचा. उमय्या खलिफांनी सातव्या शतकाच्या अखेरीस पाडलेला सुधारित दिनार सुमारे ४.२५ ग्रॅमचा होता, आणि जपून राहिलेली नाणी तोलून अरब देशांतील आधुनिक अभ्यासकांनी मिस्कालही तेवढाच धरला. भारतात असे नाण्यांवरून मोजमाप झाले नाही; येथे मिस्काल जवाच्या दाण्यांवरून, गुंजांवरून आणि मासा (तोळ्याचा बारावा भाग) या वजनावरून काढला गेला. बहुसंख्य विद्वानांनी तो साडेचार मासे मानला. १९व्या शतकात लखनौच्या एका नामांकित विद्वानाने हिशेब करून तो तीन मासे एक गुंज एवढाच ठरवला. हा फरक अंगठीपुरता राहत नाही, कारण झकातीची (सक्तीच्या दानाची) सोन्यावरील किमान मर्यादा २० मिस्काल आहे: पहिल्या हिशेबाने ती साडेसात तोळे होते, दुसऱ्याने पाच तोळे अडीच मासे. विसाव्या शतकात वजनमापांवर लिहिल्या गेलेल्या पुस्तिकांनी साडेचार माशांच्या बाजूने कौल दिला आणि दुसरे मत मागे पडले.

पण मासा म्हणजे तरी किती? तोळ्याचे वजन पूर्वी प्रांतागणिक आणि बाजारागणिक बदलत असे. कंपनी सरकारने १८३३ मध्ये तो १८० ग्रेनचा ठरवला, म्हणजे आजच्या हिशेबाने ११.६६४ ग्रॅम, त्याचा बारावा भाग ०.९७२ ग्रॅम, आणि त्याची साडेचारपट ४.३७४. धर्माज्ञा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या आकड्यातील शेवटचे तीन अंक असे कंपनीच्या टांकसाळीच्या सोयीतून आलेले आहेत. ‘एक मिस्काल पूर्ण होऊ देऊ नकोस’ या सूचनेचा भाव साधेपणाचा होता, आणि तो सोनाराच्या काट्यावर मिलिग्रॅममध्ये तोलणे हा अतिरेक वाटतो. निदान ही मर्यादा अंगठीच्या चांदीपुरती आहे, खड्याचे वजन तिच्यात धरत नाहीत, एवढे तरी फतव्यांनी स्पष्ट केले आहे.

विसाव्या शतकात धातूंची भर पडत गेली. घड्याळाच्या साखळीवरून बरेली आणि देवबंद या दोन हनफी परंपरांत फूट पडली: पहिलीने धातूची साखळी वा पट्टा नाजायज ठरवला, म्हणून तिच्यातील अनेक धर्मनिष्ठ पुरुष चामड्याचाच पट्टा वापरतात, दुसरीने घड्याळ ही गरजेची वस्तू आहे, दागिना नव्हे, असे म्हणून स्टीलच्या पट्ट्याला मुभा दिली. पांढरे सोने हे मिश्रधातू घालून रंग बदललेले सोनेच असल्याने ते सर्वत्र निषिद्ध राहिले. प्लॅटिनम सोने नाही, म्हणून अरब देशांत आणि शिया विद्वानांकडे ते चालते. हनफी मुफ्ती मात्र प्लॅटिनमच्या अंगठीलाही चांदीखेरीजचा धातू म्हणून हरकत घेतात. सोन्याचा नुसता मुलामा, जो वितळवूनही वेगळा काढता येत नाही, तो हनफी ग्रंथांनी पूर्वीच माफ केलेला आहे. गळ्यातील साखळी आणि हातातील कडे यांचा निर्णय धातूवर नव्हे, तर स्त्रियांच्या अनुकरणाच्या मुद्द्यावर होतो, त्यामुळे चांदीचे असले तरी त्यांना बहुतेक मुफ्ती नकार देतात.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या चर्चेत एक उणीव राहते. देशावरचे आणि मराठवाड्यातील बहुतेक मुस्लिम हनफी आहेत, तर रत्नागिरी व रायगडमधील कोकणी मुस्लिम अरबी समुद्रावरील जुन्या व्यापारसंबंधांमुळे शाफई. उर्दूतील धार्मिक पुस्तके, मदरसे आणि आता मोबाइलवर फिरणारे फतवे मात्र बव्हंशी हनफी आहेत. स्टीलच्या अंगठीविषयी विचारणाऱ्या दापोलीच्या किंवा म्हसळ्याच्या तरुणाला ‘नाजायज’ हे उत्तर सहज मिळू शकते. त्याच्या स्वतःच्या मजहबाने ती अंगठी सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच मोकळी केली आहे.