शंभर किलो अझोल्यात प्रथिनं किती?

अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं. ‘अझोला टाका, माशांच्या खाद्याचा खर्च शून्य करा’ असे व्हिडिओ सतत फिरत असतात. त्यात सांगितलेली २५ टक्के प्रथिनं खोटी नाहीत, पण तो आकडा वाळलेल्या अझोल्याचा. ताज्यात ९३-९५ टक्के पाणीच. १०० किलो ताजा अझोला वाळवला की हातात जेमतेम ६ किलो येतो, त्यात प्रथिनं दीड किलोच्या आत. तेवढी दोन-सव्वादोन किलो फिशमीलमध्ये (सुक्या माशांच्या पुडीत) मिळतात.

त्याहून मोठी अडचण पुढे आहे. आतड्यात प्रथिनं फुटून अमिनो आम्लं होतात आणि त्यांतून माशाचा स्नायू घडतो. त्यासाठी प्रत्येक अमिनो आम्ल ठरावीक प्रमाणातच लागतं. अझोला आणि डकवीड (पाण्यावर तरंगणारी अशीच दुसरी बारीक वनस्पती) यांत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडतं. ते गरजेच्या साठ टक्केच मिळालं, तर बाकीची अमिनो आम्लं कितीही असोत, वाढ तिथंच अडते. उरलेली साठवून ठेवायची सोय शरीरात नाही. यकृत त्यांतला नायट्रोजन काढून टाकतं, बाकीचा सांगाडा इंधन म्हणून जळतो आणि नायट्रोजन अमोनिया होऊन मुख्यतः कल्ल्यांवाटे थेट पाण्यात जातो. म्हणजे वाया गेलेलं खाद्य तळ्यातच मुरतं! त्यात दुपारी शेवाळं पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि सामू (पीएच) चढतो. २८ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला विषारी भाग एक टक्काही नसतो. ९ झाला की तो चाळिसाच्या घरात जातो.

म्हणून अझोला-डकवीडची वाळवलेली पूड पूरक म्हणूनच वापरावी. तिलापियाच्या खाद्यात १०-१५ टक्क्यांपासून सुरुवात करावी आणि मेथिओनिनची तूट तिळाच्या पेंडीनं किंवा थोड्या फिशमीलनं भरावी. मांसाहारी माशांना यातला तंतू पचत नाही. ग्रास कार्प हा शाकाहारी मासा मात्र ताजंच फस्त करतो. वाळवताना थर पातळ हवा. ओला ढीग आतून तापतो आणि कुजतो. सांडपाण्यावर वाढलेलं खाद्यात घेऊ नये, या वनस्पती जड धातू शोषून ठेवतात.

डकवीडची प्रत प्रयोगशाळेविनाही साधारण कळते. मूठभर उपसून उलटं करून बघावं. मुळं आखूड असली तर पाण्यात नायट्रोजन भरपूर आहे आणि कोरड्या वजनात प्रथिनं चाळीस टक्क्यांपर्यंत असू शकतात. मुळं लांब, धाग्यांसारखी लोंबत असतील, तर रोप उपाशी आहे. मग वीस टक्क्यांच्या आसपासच धरून चालावं.