बोल्टचे कोपरे आणि गोटीची पकड

मोटरसायकलच्या सायलेन्सरचा बोल्ट काढताना गोटी (बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखी बसणारी पान्याची सॉकेट) कट्‌कन सटकली, तर जोर लावणं थांबवा आणि तो बोल्ट टॉर्चच्या उजेडात जवळून बघा. सहाही कोपऱ्यांना एकाच बाजूनं चंद्रकोरीसारखी चकचकीत रेघ उमटलेली दिसेल. पैलूंवरचा, म्हणजे दोन कोपऱ्यांमधल्या सपाट बाजूंवरचा गंज मात्र शाबूत असतो. सगळा भार कोपऱ्यांनीच सोसलाय.

हा भार किती असतो? आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर 10 नंबरचा बोल्ट जागोजागी असतो. डोकं पैलूपासून समोरच्या पैलूपर्यंत 10 मिमीचं, आटे 6 मिमीचे. तो साधारण 10 न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) इतका आवळतात. वीस सेंटिमीटरच्या रॅचेटच्या (गोटी फिरवायच्या दांड्याच्या) टोकाला त्यासाठी जेमतेम 5 किलोचा दाब लागतो. पण बोल्टच्या डोक्यापाशी गोटी टेकते कोपऱ्यावर, आणि पैलूच्या मध्यापासून कोपरा 3 मिमीसुद्धा लांब नसतो. जोर लावायची ही भुजा इतकी आखूड झाली की जोर तितकाच वाढतो: सहाही कोपऱ्यांनी सारखा भार घेतला, तरी प्रत्येकावर जवळपास 60 किलो. गोटी ढिली असेल, तर एवढं सगळं धारेएवढ्या जागेवर येतं आणि धातू दबतो.

म्हणून गोटी सहा पैलूंचीच घ्या, असं मी आग्रहानं सांगेन. बारा पैलूंची गोटी दर 30 अंशांवर बसते, अडचणीच्या जागी ती सोयीची पडते. पण तिच्या खाचा उथळ असतात, आणि गंजलेल्या किंवा आधीच झिजलेल्या बोल्टवरून ती लवकर सटकते. चांगल्या गोटीत डोकावलं की आतल्या प्रत्येक कोपऱ्यात एक गोलसर खाच दिसते. या खाचेमुळे बोल्टचा कोपरा मोकळा राहतो आणि गोटी पैलूवर जरा आत टेकते. भुजा आणखी आखूड झाल्यानं दाब थोडा वाढतो खरा, पण तो धारेवर न पडता सपाट पैलूवर पसरतो.

आता 12 आणि 13 चा घोळ. आटे तेच, 8 मिमीचे. जपानी पद्धतीत त्या बोल्टचं डोकं 12 चं, युरोपीय पद्धतीत 13 चं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या जपानी वळणाच्या, त्यामुळे 8, 10, 12, 14, 17 या गोट्या रोज लागतात. बाजारातल्या स्वस्त सेटमध्ये 13 असते आणि नेमकी 12 नसते, असंही होतं. मग 13 चीच चढवली जाते. 12 च्या डोक्यावर ती आधी जवळजवळ 10 अंश नुसतीच फिरते, मग निव्वळ धारेवर अडते. या डोक्याचं कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं माप 13.86 मिमी भरतं. म्हणजे 14 ची गोटी त्यावर मोकळीच फिरेल; 13 ची अडते, म्हणूनच ती जास्त घातक.

जुन्या बुलेटची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्यावर ब्रिटिश मापाचे नट येतात आणि पान्यावरचा आकडा डोक्याचं माप सांगत नाही, आट्यांच्या व्यासाचं सांगतो. पाव इंची व्हिटवर्थ (जुनं ब्रिटिश माप) पाना लागणाऱ्या नटाचं डोकं भरतं 13.34 मिमी. त्यावर 13 बसत नाही, 14 ढिली होते. अशा गाडीसाठी ब्रिटिश गोट्या वेगळ्या घ्याव्याच लागतात.

गंमत म्हणजे गोटी मिलिमीटरची असली, तरी दांडा बसतो ते तिचं मागचं चौकोनी भोक इंचातच मोजतात: पाव इंची, तीन सूत (3/8 इंच), अर्धा इंची. मोटरसायकलला तीन सूत पुरतं. अर्धा इंचीचा लांब दांडा चाकाच्या ॲक्सल नटसाठी ठेवा. 10 नंबरच्या बोल्टवर तो लावला, तर बोल्ट तुटेपर्यंत हाताला जोर जाणवतच नाही. स्पार्क प्लगसाठी पातळ भिंतीची खोल गोटी हवी, बऱ्याच छोट्या गाड्यांना 16 ची. इम्पॅक्ट गनवर (ठोके देत नट फिरवणाऱ्या यंत्रावर) मात्र चकचकीत क्रोमची गोटी कधीही लावू नका, ती तडकून तुकडे उडतात. तिथे काळी, जाड गोटीच हवी.

दुकानात जाताना गाडीचा एक नवा, न झिजलेला 12 चा बोल्ट खिशात ठेवा. गोटी त्यावर बसवा आणि हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. दोन-तीन अंशांपलीकडे हलली, तर दुसरी मागा.