घर सोडणे आणि शपथ मोडणे: मालिकांमधले आमिश कुटुंब

आमिश या जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबावर बेतलेली अमेरिकी मालिका किंवा दूरचित्रवाणीपट पाहिला, की एक प्रसंग बहुधा भेटतोच. कंदिलाच्या उजेडात दाढीवाला बाप उभा असतो, आई एप्रनने डोळे टिपत असते, सतरा-अठरा वर्षांची मुलगी हातात गाठोडे घेऊन उंबरठा ओलांडते, आणि आजपासून तू आम्हाला मेलीस अशा अर्थाचे काहीतरी बाप म्हणतो. प्रसंग परिणामकारक असतो यात शंका नाही. मात्र त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी अशा मिसळून गेलेल्या असतात, की प्रेक्षकाला त्या एकच वाटू लागतात. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, घेण्यापूर्वी घर सोडणे ही एक गोष्ट आहे आणि बाप्तिस्मा घेतल्यानंतर मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, सोडणे ही दुसरी. आमिश समाजात या दोन्हींचे नियम वेगळे आहेत, परिणाम वेगळे आहेत आणि आईबापांची कोंडीही वेगळी आहे. पडद्यावर मात्र दोघांच्याही वाट्याला तोच उंबरठा आणि तोच बहिष्कार येतो.

हा फरक एवढा मूलभूत का, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १५२५ मध्ये झुरिकमध्ये काही सुधारकांनी तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा नाकारला आणि जाणत्या वयात, स्वतःच्या निर्णयाने घेतलेला बाप्तिस्माच खरा, अशी भूमिका घेतली. या पंथाला अ‍ॅनाबाप्टिस्ट म्हणतात. मेनोनाइट आणि आमिश ही त्याचीच अपत्ये. १६९३ मध्ये याकोब अम्मान आणि त्याच्या अनुयायांनी वेगळी चूल मांडली ती प्रामुख्याने एका प्रश्नावरून: मंडळीतून काढलेल्या माणसाबरोबर जेवायचे की नाही. अम्मानचे म्हणणे होते, की जेवायचे नाही. त्याच्या मागे १६३२ च्या डोर्ड्रेख्ट श्रद्धापत्रकातील सतरावे कलम होते आणि त्याही मागे बायबलमधील करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ‘अशा माणसाच्या पंक्तीसही बसू नये’ हा आदेश होता. म्हणजे आमिशांचा वेगळेपणा घोडागाडीत, बिनविजेच्या घरात किंवा टोपीच्या आकारात दिसत असला, तरी त्याचा उगम जेवणाच्या टेबलाशी आहे. आज हा समाज सुमारे चार लाखांचा असून त्यातले बहुसंख्य लोक पेनसिल्वेनिया, ओहायो आणि इंडियाना या तीन राज्यांत राहतात.

जाणत्या वयातला बाप्तिस्मा म्हणजे आमिश घरात जन्मलेले मूल जन्माने मंडळीचे सभासद नसते. ते आईबापांच्या आज्ञेत असते, तसेच कपडे घालते, त्याच शाळेत आठवीपर्यंत शिकते; पण ‘ऑर्डनुंग’ म्हणजे मंडळीची जी नियमावली, तिचे बंधन त्याने स्वतः स्वीकारलेले नसते. सोळाव्या वर्षाच्या सुमाराला ‘रुमश्प्रिंगा’ सुरू होते. आमिशांच्या घरगुती बोलीत, जिला ते डाइच म्हणतात, या शब्दाचा अर्थ इकडेतिकडे फिरणे एवढाच आहे. मालिकांनी त्याचे दारू, मोटारी आणि शहरातला मुक्काम असे चित्र करून टाकले आहे, आणि काही मोठ्या वस्त्यांतील काही मुले तसे वागतातही. बहुतेकांच्या बाबतीत मात्र हा काळ रविवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी किंवा गोठ्याच्या माळ्यावर जमून स्तोत्रे गाण्याचा, मग गप्पा मारण्याचा आणि आवडत्या मुलीला घोडागाडीतून घरी सोडण्याचा असतो. आईबाप मुलांना जग पाहून यायला मुद्दाम पाठवतात, हा समज तर निव्वळ पडद्यावरचा आहे. ते त्या वर्षांत रात्री जागे राहतात, एवढेच.

या टप्प्यावर मुलगा निघून गेला, ट्रकचालक झाला, जीन्स घालू लागला, तर नियमाप्रमाणे त्याच्यावर बहिष्कार पडत नाही, कारण मोडायला त्याने वचनच दिलेले नसते. आई रडते, बाप गप्प होतो, नातेवाईक हळहळतात; पण तो सणाला घरी आला तर त्याच पंक्तीला जेवतो आणि धाकट्या भावंडांना खाऊ आणतो. समाजात चाळीसहून अधिक उपपंथ आहेत आणि त्यांतल्या अतिकर्मठ गटांत, उदाहरणार्थ स्वार्टझेनट्रुबर आमिशांमध्ये, अशा मुलालाही घरचे दार जवळजवळ बंद होऊ शकते, ही गोष्ट खरी आहे. पण तो त्या घराचा किंवा गटाचा कठोरपणा असतो. मंडळीने दिलेली शिक्षा नसते.

बाप्तिस्मा कसा होतो हे पाहिले, की दुसरी बाजू उलगडते. साधारण अठरा ते बावीस या वयात उमेदवार मंडळीच्या प्रमुखांसमोर डोर्ड्रेख्टच्या अठरा कलमांचा अभ्यास करतात. विधीच्या आदल्या दिवशी त्यांना पुन्हा एकदा बजावले जाते, की मागे फिरायचे असेल तर आज फिरा. वचन देऊन मोडण्यापेक्षा ते न देणे बरे. मुलग्यांना आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते: मंडळीचे सेवक चिठ्ठी टाकून निवडतात, तेव्हा पुढे कधी आपल्या नावाची चिठ्ठी निघाली, तर मंडळीचा सेवक होण्याचे ते नाकारणार नाहीत. दुसऱ्या दिवशी ते गुडघे टेकतात, डीकन हा मंडळीचा सेवक बिशपच्या, म्हणजे मंडळीच्या मुख्य धर्मगुरूच्या, ओंजळीत पाणी ओततो आणि ते पाणी तीनदा डोक्यावर पडते. मग बिशप हात धरून उठवतो आणि बंधुत्वाचे चुंबन देतो. मुलगी असेल तर ते चुंबन बिशपची पत्नी देते. दहांतली आठ-नऊ मुले शेवटी या विधीपर्यंत येतात. त्यानंतरचे जाणे म्हणजे घर सोडणे राहत नाही. ते सगळ्या मंडळीसमोर गुडघ्यावर बसून दिलेली शपथ मोडणे असते.

या दुसऱ्या जाण्याची कार्यपद्धती संथ आहे, आणि मालिकांना नेमका हा संथपणाच परवडत नाही. बाप्तिस्मा झालेल्या कोणी मोटार घेतली, तर आधी डीकन आणि एखादा उपदेशक घरी जाऊन बोलतात. ऐकले नाही तर पुन्हा जातात, मुदत देतात. उपासना आळीपाळीने सभासदांच्या घरी, पंधरवड्याला होते. तिच्या शेवटी सभासदांची बैठक बसते आणि मुले तसेच बाप्तिस्मा न झालेले तरुण बाहेर पाठवले जातात. विषय तिथे मांडला जातो आणि प्रत्येक सभासदाचे मत घेतले जाते, स्त्रियांचेही. सगळ्यांचे एकमत झाल्यावर मंडळीतून काढण्याचा निर्णय होतो, त्याला ‘बान’ म्हणतात. त्या निर्णयानंतर रोजच्या व्यवहारात जे अंतर पाळायचे त्याला ‘मायडुंग’ म्हणतात. हा निर्णय बाप देत नाही, एकटा बिशपही देत नाही. आणि बाप्तिस्मा न झालेल्या सोळा वर्षांच्या मुलीला मंडळीसमोर उभे करून बहिष्कृत केल्याचा प्रसंग कोणी चित्रित केला असेल, तर ज्या खोलीत तिला बसूही दिले जाणार नाही, त्याच खोलीत तिचा न्याय झालेला दाखवला असे होते.

मायडुंग म्हणजे अबोला नव्हे. बहिष्कृत माणसाशी बोलता येते, तो आजारी पडला तर त्याची सेवा करता येते, त्याचे शेत आगीत सापडले तर धावून जाता येते. सतराव्या कलमातच गरजेला मदत करण्याची मुभा आहे. मनाई आहे ती त्याच्या हातून काही घेण्याची आणि त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवण्याची. त्याने पैसे द्यायचे असतील तर तो ते टेबलावर ठेवतो आणि दुसरा उचलतो. त्याच्या मोटारीत बसायचे नाही. काही घरांत यावर एक हळवा तोडगा काढलेला दिसतो: दोन टेबले एकमेकांपासून चार बोटे दूर ठेवायची आणि दोन्हींवर मिळून एकच चादर अंथरायची. बहिष्कृत मुलगा एका बाजूला बसतो, आई दुसऱ्या बाजूला. चादरीखाली फट आहे हे दोघांनाही ठाऊक असते आणि वरून पंगत एकच दिसते. नियम मोडला जात नाही आणि मुलगा उठून दुसऱ्या खोलीतही जात नाही. एका आईची सारी घालमेल त्या चार बोटांच्या फटीत दिसते, आणि ती दाखवायला मोठ्या आवाजाचा एकही संवाद लागला नसता. आईने सरळ त्याच्या शेजारी बसून जेवायचे ठरवले, तर मंडळी तिच्याकडेही खुलासा मागू शकते, कारण शपथ तिनेही घेतलेली असते. आमिश घरातला खरा संघर्ष इथे आहे.

तो किती टोकाला जाऊ शकतो, हे ओहायोच्या वेन काउंटीतील न्यायालयात १९४७ मध्ये दिसले. एका शेतकऱ्याला आजारी मुलीला वारंवार दवाखान्यात न्यावे लागे. त्यासाठी मोटार हवी म्हणून तो मोटारीला परवानगी असलेल्या मंडळीत गेला. जुन्या मंडळीने त्याच्यावर मायडुंग लादला, शेजाऱ्यांशी व्यवहार थांबले, आणि त्याने आपल्या पूर्वीच्या मंडळीच्या प्रमुखांवर दावा लावला. ज्यूरीने त्याला ५,००० डॉलर भरपाई दिली. दुसऱ्या अ‍ॅनाबाप्टिस्ट मंडळीत गेलेल्या माणसावर आयुष्यभर बहिष्कार ठेवायचा का, यावर समाजातही एकमत नव्हते. त्यापूर्वी, १९२७ मध्ये, मोझेस बीची या बिशपने पेनसिल्वेनियाच्या सॉमरसेट काउंटीत असा कडक बहिष्कार नाकारला आणि त्यातून बीची आमिश हा वेगळा गट उभा राहिला.

आता मालिकांकडे वळू. २०१३ ते २०१६ या काळातील ‘बॅनशी’ या गुन्हेगारी मालिकेत काय प्रॉक्टर हा आमिश घरातून बाहेर फेकला गेलेला गुंड आहे आणि त्याची भाचीही घरातून निघून त्याच्याच आश्रयाला येते. दोघांची घरापासूनची फारकत मालिका एकाच रंगात रंगवते. कथेला रस आहे तो तुटलेल्या रक्ताच्या नात्यात, शपथेत नव्हे. २०११ च्या ‘द शनिंग’ या दूरचित्रवाणीपटात उलट गंमत आहे. त्यातल्या केटीचे लग्न बिशपशी ठरलेले असते, आणि आमिश मंडळीत बाप्तिस्म्याशिवाय लग्न लागत नाही, त्यामुळे तिच्यावर पडणारा बहिष्कार नियमाला धरूनच आहे. पण तिने ज्याला नाकारले तोच बिशप असल्यामुळे मंडळीचा निर्णय एका दुखावलेल्या माणसाच्या सुडासारखा दिसू लागतो. याउलट १९८८ ची ‘एरन्स वे’ ही एनबीसीवरील मालिका, जिच्यात घर सोडून कॅलिफोर्नियाला गेलेला मुलगा वारल्यावर त्याच्या गरोदर मैत्रिणीसाठी अख्खे कुटुंब तिकडे जाते, कितीही गोडगोड असली तरी एका बाबतीत सत्याच्या जवळ आहे: गेलेल्या मुलाशी असलेला धागा आईबाप आपणहून तोडत नाहीत. २०१७ च्या ‘प्युअर’ या कॅनडातील मालिकेतले लोक तर आमिश नसून मेनोनाइट आहेत, तरी टोप्या आणि गॅलिस पाहून प्रेक्षक त्यांनाही आमिशच समजतात.

पाहताना एक साधी खूण उपयोगी पडते. आमिश पुरुष सामान्यतः लग्नानंतर दाढी राखतात, मिशी मात्र राखत नाहीत. घर सोडून जाणाऱ्या पुरुषाला दाढी असेल, तर त्याचे लग्न झाले आहे, म्हणजे बाप्तिस्माही झाला आहे, म्हणजे मायडुंगचा प्रश्न खरोखर उभा राहतो. चेहरा गुळगुळीत असेल, तर पटकथाकाराने त्याच्या बाप्तिस्म्याबद्दल काही सांगितले आहे का, ते पाहावे.

मराठी वाचकाची आणखी एक फसगत होते, ती शब्दामुळे. मायडुंगला इंग्रजीत शनिंग म्हणतात; त्यासाठी आपल्या तोंडी ‘वाळीत टाकणे’ येते आणि त्याबरोबर जातपंचायतीचे सगळे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला तो त्याच अनुभवातून. त्रास भोगणाऱ्याला दोन्हीकडचे एकटेपण सारखेच असेल. पण जातीत माणूस जन्मतो आणि वाळीत टाकले गेलेले मूल आईबापांच्या कृतीची शिक्षाही भोगते. आळंदीच्या विठ्ठलपंतांच्या मुलांची कथा आपल्याला पाठ आहे. मायडुंग बापाकडून मुलाकडे जात नाही. ज्याने स्वतः वचन दिले, त्याच्यापुरताच तो असतो.

ऑक्टोबर २००६ मध्ये पेनसिल्वेनियातील निकेल माइन्सच्या आमिश शाळेत एका माणसाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या आणि त्यांतल्या पाच मरण पावल्या. काही तासांतच आमिश शेजारी त्याच्या पत्नीला धीर द्यायला गेले. २०१० च्या ‘अमिश ग्रेस’ या दूरचित्रवाणीपटाने त्यात क्षमा करू न शकणारी एक काल्पनिक आई उभी केली, आणि पडद्यावरच्या आमिश स्त्रियांत ती मला सर्वांत खरी वाटते. त्या घटनेनंतर अनेकांनी विचारले, की मुली मारणाऱ्याला क्षमा करणारे लोक मोटार घेणाऱ्या मुलाला टेबलावर का बसू देत नाहीत. आमिशांच्या दृष्टीने हे दोन प्रश्न एका रांगेत येतच नाहीत. मारणाऱ्याने त्यांच्या मंडळीला कोणतेही वचन दिलेले नव्हते. त्याच्याबद्दल मनात राग धरायचा नाही, एवढेच त्यांच्या हातात होते. मुलाबद्दलही राग धरायचा नसतोच, पण त्याने दिलेले वचन त्याची वाट पाहत असते. हे उत्तर सगळ्यांना पटेल असे नाही, मलाही ते पुरते पटत नाही. तरी मालिकेत ते एखाद्या पात्राच्या तोंडून एकदा ऐकायला मिळाले असते, तर बाप निव्वळ खलनायक ठरला नसता.

मालिका सहसा दाखवत नाहीत ते परत येणेही. बहिष्कृत माणसाने चूक कबूल करायचे ठरवले, तर तो उपासनेला येतो, सभासदांसमोर पुन्हा गुडघे टेकतो, आणि बिशप त्याला बाप्तिस्म्याच्या दिवशी जसा हात धरून उठवले होते तसाच उठवतो. चुंबनही तेच असते. त्या दुपारी मंडळीच्या जेवणात तो इतरांबरोबर बाकावर बसतो, आणि घरी गेल्यावर त्याची आई चादर काढून दोन्ही टेबले जवळ सरकवते.