जंताची गोळी: कोणाला, कुठे, कशी मिळते

अर्ज कुठे भरायचा, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगून टाकतो: अर्ज नाही, फी नाही, आधार कार्डाची झेरॉक्सही नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिन 2015 पासून सुरू आहे. ठरलेल्या तारखा 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट. त्या कधीकधी पुढे-मागे होतात, म्हणून अंगणवाडी ताईंना किंवा आशा ताईंना आधी विचारून ठेवा.

वय 1 ते 19 वर्षं, एवढीच पात्रता. शाळेत जाणाऱ्यांना शाळेत, लहानांना आणि शाळा सुटलेल्यांना अंगणवाडीत. आपल्या मुलाचं नाव अंगणवाडीच्या पटावर नसलं, तरी घेऊन जा. मूल अगदी लहान असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड जवळ ठेवलेलं बरं, कारण गोळी अर्धी की पूर्ण हे जन्मतारखेवर ठरतं. अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची गोळी 1 ते 2 वर्षांच्या मुलाला अर्धी, त्यापुढे सगळ्यांना एक. तीन वर्षांपर्यंत ती चुरून पाण्यातून द्यायची; अख्खी गोळी घशात अडकू शकते. मोठ्यांनी चावून खायची. उपाशी ठेवायची गरज नाही.

गोळी तिथेच, ताईंच्या किंवा शिक्षकांच्या समोर घ्यायची असते. ‘घरी देऊ संध्याकाळी’ म्हणून पदरात बांधून आणू नका. मूल त्या दिवशी आजारी असेल किंवा दुसरं औषध चालू असेल, तर तसं स्पष्ट सांगा. त्याला तेव्हा गोळी देत नाहीत; बरं झाल्यावर, राहिलेल्यांसाठी आठवडाभराने ठेवलेल्या दिवशी देतात.

पोटात जंत जास्त असतील तर गोळीनंतर मळमळतं, पोट दुखतं. सावलीत झोपवा, पाणी पाजा. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. त्रास थांबला नाही तर 108 ला फोन करा.

गोड खाल्ल्यानं जंत होतात, हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. ते खरं नाही. उघड्यावरच्या शौचातून अंडी मातीत जातात आणि न धुतलेल्या हातांतून, भाजीतून पोटात येतात. अंकुशकृमी तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच शिरतो आणि आतड्यात रक्त पितो. पोरगं फिकट पडतं ते त्यामुळे. गोळी आज पोटात असलेले जंत मारते, उद्या येणारे अडवत नाही. म्हणून फेब्रुवारीत घेतली तरी ऑगस्टमध्ये पुन्हा न्यायचंच.