बिलिटल आणि उकडलेले आलू

मे महिन्यात पुण्याहून बायकोचे मावसभाऊ आमच्याकडे नागपूरला आले होते. कूलरसमोरची खुर्ची न सोडता म्हणाले, "तुमच्या या उन्हात माणूस तर सोडाच, झाडसुद्धा खुरटेल." माझी लेक बारावीला आहे. ती लगेच म्हणाली, "मामा, आम्हाला बिलिटल नका करू ना!" सगळे हसले. मी मात्र चकित झालो, कारण हवेवरून एखाद्या मुलुखाला खुजं ठरवण्याच्या भांडणातूनच हा शब्द जन्मला आहे.

बिलिटल हा इंग्रजी शब्द, म्हणजे हिणवणं, कमी लेखणं. 'लिटल' म्हणजे लहान आणि त्याचं क्रियापद करणारं 'बि' हा उपसर्ग. आपण 'हीन'चं 'हिणवणं' केलं, तसंच. (हा शब्द संस्कृत 'बाल'वरून आला, असं कुणी फॉरवर्ड केलं तर पुढे पाठवू नका. पहिलं अक्षर जुळलं की सोयरीक जुळवायची हा आपला जुना छंद.) शब्दाचं श्रेय जातं थॉमस जेफरसनला, म्हणजे पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला त्याला. १७८५ साली पॅरिसमध्ये छापलेल्या व्हर्जिनिया या आपल्या राज्यावरच्या त्याच्या पुस्तकात तो येतो. तिथे अपमानाचा संबंध नाही. अर्थ सरळ आहे: आकारानं लहान करणं.

लहान कोण करत होतं? निसर्ग. निदान बुफाँ या बड्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचं तसं म्हणणं होतं. अमेरिकेची हवा थंड आणि दमट, म्हणून तिथले प्राणी लहान. युरोपातून नेलेली गुरंसुद्धा तिथे खुजी होतात. बुफाँनं स्वतः अमेरिकेत कधी पाऊल टाकलं नव्हतं. जेफरसननं दोन्हीकडच्या प्राण्यांच्या वजनांचे तक्ते मांडले. तेवढ्यानं समाधान झालं नाही, तेव्हा १७८७ मध्ये मूस या हरणाच्या कुळातल्या सर्वांत मोठ्या प्राण्याचं सात फुटी धूड, कातडं आणि हाडं, थेट पॅरिसला मागवलं. सोबतची शिंगं मात्र भलत्याच जनावरांची होती! बुफाँ पुढच्याच वर्षी वारला, चूक छापून दुरुस्त करायची राहूनच गेली.

आता मला आवडणारा भाग. आलूबोंड्यासाठी आलू उकडले की लहान आलू आधी हातात धरवतो, मोठा बोटं भाजतो. असं का? उष्णता साठते अख्ख्या गरात, पण बाहेर पडते फक्त सालीतून. तीन सेंटिमीटर व्यासाच्या आलूऐवजी सहाचा घेतला, तर साल चौपट होते आणि गर आठपट. म्हणजे दर ग्रॅम गरामागे साल निम्मी. थंडीत ऊब टिकवायची तर मोठं असणंच फायद्याचं. १८४७ साली कार्ल बर्गमन या जर्मन शास्त्रज्ञानं हेच प्राण्यांना लावलं: जवळच्या नात्यातल्या उष्णरक्ती प्राण्यांत थंड मुलखातले सहसा मोठे. म्हणून 'मग आफ्रिकेतला हत्ती एवढा कसा?' हा प्रश्न इथे लागू नाही, हत्तीची तुलना हत्तीच्याच भाईबंदांशी करायची. हा कल आहे, कायदा नव्हे. विषुववृत्तावरच्या सुमात्रातला नर वाघ साधारण १०० ते १४० किलोचा, आपल्या ताडोबा-पेंचमधला दोनशेच्या आसपास. पण सुमात्रा बेट आहे, तिथली शिकार वेगळी, तेव्हा सगळं हवेच्या खात्यावर टाकता येत नाही. मूस बर्फाळ जंगलातला असून अवाढव्य. थंडीनं प्राणी खुजे होतात या म्हणण्याच्या बरोबर उलट.

गंमत अशी, की बुफाँला आलूचं गणित ठाऊक होतं. पृथ्वीचं वय काढायला त्यानं लोखंडाचे लहानमोठे गोळे तापवून ते निवायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं. गोळा मोठा, तर वेळ जास्त. त्यावरून १७७८ साली त्यानं पृथ्वी सुमारे ७५ हजार वर्षांची ठरवली. आकडा फारच कमी, पण धर्मग्रंथ बाजूला ठेवून प्रयोगानं काढलेला. तेच गोळे हरणाला लावून पाहायचं मात्र त्याला सुचलं नाही.

शब्दाचं नशीबही काही काळ खुरटंच राहिलं. १७८७ मध्ये लंडनच्या एका मासिकानं त्याची टर उडवली: व्हर्जिनियात कळत असेल, आम्हाला नुसता अंदाज करावा लागतो. १८२८ च्या वेब्स्टरच्या अमेरिकन शब्दकोशातसुद्धा त्याच्यापुढे शेरा आहे: अमेरिकेत क्वचित, इंग्लंडमध्ये वापरात नाही.