बोस्टनचा चहा महागला नव्हता, स्वस्त होणार होता

‘इंग्रजांनी चहावर जबर कर लादला, चहा महागला, म्हणून अमेरिकनांनी तो समुद्रात फेकला’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे.

एक पौंड वजनाच्या चहामागे तीन पेन्सचा कर १७६७ च्या कायद्यातलाच होता. १७७३ च्या चहा कायद्याने नवा कर लावलाच नाही. उलट कर्जात बुडालेल्या ईस्ट इंडिया कंपनीला (हो, बंगाल लुटणारी तीच) ब्रिटनमधली जकात माफ करून अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत थेट माल विकायची मुभा दिली. चोरट्या डच चहाशी टक्कर देण्याइतका तिचा चहा स्वस्त होणार होता.

मग भडका का उडाला? तो चहा घेणं म्हणजे, ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही, तिचा कर लावायचा हक्क मुकाट कबूल करणं. शिवाय विक्री कंपनीच्या मोजक्या आडत्यांच्या हाती जाणार, बाकीचे व्यापारी धंद्यातून उठणार. तत्त्वाइतकाच हा पोटाचाही प्रश्न होता, हे लपवायचं कारण नाही.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या कुऱ्हाडींनी फोडल्या गेल्या. चहा चीनचा होता, भारताचा नव्हे. भरपाई मिळेपर्यंत पार्लमेंटने बोस्टनचं बंदरच बंद केलं, आणि एरवी फटकून राहणाऱ्या वसाहती एकवटल्या. एप्रिल १७७५ मध्ये बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला गोळीबार झाला आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं.